प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचं इरिगेशन : नव्या सिस्टरसाठी

टीयूआरपी (मूत्रमार्गातून प्रोस्टेटचा वाढलेला भाग काढायचं ऑपरेशन) होऊन आलेल्या पेशंटच्या मूत्राशयात सतत सलाइन सोडून ते धुतलं जातं, तेच इरिगेशन. त्यासाठीची थ्री-वे कॅथेटर (तीन वाटांची नळी : एकीतून सलाइन आत जातं, दुसरीतून बाहेर येतं) पहिल्यांदा सांभाळताना नजर ड्रिपवर नको, बाहेर येणाऱ्या नळीवर ठेव. आत जाणारं सलाइन सहसा अडत नाही. अडतं ते बाहेर येणारं.

सलाइनचा वेग घड्याळाकडे बघून नाही, बाहेर येणाऱ्या द्रवाच्या रंगाकडे बघून ठरव. फिकट गुलाबी असेल तर ठीक. लालभडक झालं, गुठळ्या दिसल्या, तर वेग वाढव आणि डॉक्टरांना कळव. इरिगेशनला ०.९ टक्के नॉर्मल सलाइनच. साधं पाणी रक्तात शोषलं गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून पिशवी लावताना लेबल दोनदा वाच.

बाहेरचा प्रवाह थांबला की आधी इनफ्लोचा, म्हणजे आत जाणाऱ्या सलाइनचा, क्लॅम्प बंद. नेमकं हेच घाईत राहून जातं आणि मूत्राशय फुगत जातं. मग नळी कुठे मुडपली आहे का, पेशंटच्या मांडीखाली दबली आहे का, लघवीची पिशवी भरली आहे का ते बघ. ओटीपोटावर हात ठेव. घट्ट, दुखरा गोळा लागला तर गुठळी अडकली समज. वॉर्डच्या नियमानुसार ५० मिलीच्या कॅथेटर-टिप सिरिंजने निर्जंतुक पद्धतीने, हळूहळू वॉश दे. जेवढं घातलं तेवढं परत आलं पाहिजे. येत नसेल तर जोर लावू नकोस, डॉक्टरांना बोलाव.

हिशोब सोपा, पण चुकतो सगळ्यांचाच : लघवीच्या पिशवीत जमलेलं ३२०० मिली, आत गेलेलं २७०० मिली, म्हणजे लघवी ५०० मिली. अर्धवट लटकलेली सलाइनची पिशवी पूर्ण धरली की सगळं गणित बिघडतं.