बंदरावरचे चार तास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. क्रूझ बोटीवरच्या नोकरीचे पहिलेच कॉन्ट्रॅक्ट असून बोट फ्लोरिडाहून निघून मेक्सिकोतले कोझुमेल व कोस्टा माया आणि शेजारचा देश बेलीझ अशी फेरी करणार आहे, हे वाचून आनंद झाला. ‘काका, माया लोकांची ती प्राचीन देवळे मला पाहायला मिळतील का?’ असे तू विचारले आहेस. नक्की मिळतील, मात्र प्रवाशाला बंदरावर आठ तास मिळतात, तेव्हा ड्युटी, बोट ड्रिल आणि लवकर परतण्याचा नियम जमेस धरता तुझ्या वाट्याला जेमतेम चार येतील, आणि त्या चार तासांत काय पाहायचे हे बोटीवरून उतरण्याआधीच ठरलेले असले पाहिजे.

कोझुमेलला उतरल्यावर सगळे चिचेन इत्सा या मुख्य भूमीवरच्या प्रसिद्ध माया नगरीचे नाव घेतील. तो विचार या कॉन्ट्रॅक्टपुरता मनातून काढून टाक. कोझुमेल हे बेट आहे. समोरच्या प्लाया देल कार्मेनला पोहोचायला फेरीबोटीने पाऊण तास लागतो आणि तिथून पुढे रस्त्याने सुमारे अडीच तास. परतीचा हिशेब तूच कर. तुळुम हे समुद्रकाठचे तटबंदीचे माया नगर त्या मानाने जवळ, प्लायापासून तासाभरावर आहे, आणि त्याचाच मोह मला पडला होता. माझ्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मी फेरी आणि व्हॅन करून तिथे गेलो आणि तटबंदीच्या आत मला पस्तीस मिनिटे मिळाली. ती सगळी घड्याळाकडे पाहण्यात गेली. समुद्रावरच्या कड्यावर उभा असलेला कास्तियो, म्हणजे तिथली सर्वांत उंच वास्तू, पाहिला, खालचे निळे पाणी पाहिले आणि धावत परत निघालो. तिथे एका छोट्या देवळाच्या दारावर डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत कोरलेला ‘उतरता देव’ आहे. मी त्या दारासमोरून गेलो आणि मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. पुढे कित्येक महिन्यांनी एका पुस्तकात त्याचे चित्र दिसले तेव्हा लागलेली हळहळ आजही गेलेली नाही, आणि तुझ्या बाबतीत तसे होऊ नये म्हणूनच हे पत्र एवढे सविस्तर लिहीत आहे.

तू कोझुमेलवरच्याच सान हेर्वासिओला जा. बेटाच्या मधोमध, रानात ही जागा आहे आणि गावातून टॅक्सीने वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. टॅक्सीचे जाण्यायेण्याचे भाडे बसण्याआधीच ठरवून घे आणि प्रवेशशुल्कासाठी रोख पेसो जवळ ठेव. प्रवासी मंडळी ‘तिथे फारसे काही नाही’ असे म्हणतील, कारण तिथे उंच पिरॅमिड नाही. पण स्पॅनिश लोक येण्यापूर्वी या बेटावर इश्चेल या देवीचे मोठे तीर्थ होते. बाळंतपण, वैद्यकी आणि विणकाम यांची ही देवता, आणि तिच्या दर्शनासाठी मुख्य भूमीवरून माणसे, विशेषतः स्त्रिया, होडीतून हे पाणी ओलांडून येत. पोले नावाच्या ज्या बंदरातून या होड्या निघत, त्याला आज श्कारेत म्हणतात. अठरा-वीस किलोमीटरची ती सामुद्रधुनी, तिच्यातून उत्तरेकडे वाहणारा जोरदार प्रवाह, आणि वल्ह्यांवर चालणारी लाकडी होडी! तू मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेला आहेस, त्यामुळे अशा पाण्यात वल्हवणे म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. फेरीबोटीतले प्रवासी जे पाणी मोबाइल बघत पार करतात, तेच हे पाणी.

आत गेल्यावर घाई करू नकोस. पांढऱ्या चुनखडीच्या जुन्या रस्त्यावर एक दगडी कमान लागते. या रस्त्याला माया भाषेत ‘साकबे’ म्हणतात. ‘साक’ म्हणजे पांढरा आणि ‘बे’ म्हणजे वाट. मुख्य चौकाजवळ ‘लास मानितास’ नावाची एक छोटी वास्तू आहे, आणि त्या नावाचा अर्थ ‘इवलेसे हात’. आतल्या भिंतीवर तांबड्या रंगात उमटवलेले तळहातांचे ठसे आहेत. ते आता फिके झाले आहेत आणि उन्हातून एकदम गेल्यास दिसतच नाहीत. म्हणून समोर उभा राहा, डोळे सावलीला सरावू दे आणि मग बघ. आधी एक तळवा दिसतो, मग बोटे सुटी होतात, मग शेजारचा दुसरा. आपल्याकडे कुंकवाच्या पाण्यात हात बुडवून दारावर ठसे उमटवतात, तेच माझ्या डोळ्यांसमोर आले. अर्थात त्यामागची त्यांची भावना आपल्यासारखीच होती, असे मी म्हणणार नाही. तिथून काना नाह या उंच देवळापर्यंत झाडीतून चालत जा. ते इश्चेलचे देऊळ असावे, असे मानतात.

बोटीवर तुला कोणीतरी सांगेल की माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले. तसे झालेले नाही. दक्षिणेकडच्या रानातली त्यांची मोठी नगरे आठव्या-नवव्या शतकात ओस पडली हे खरे, पण १५१८ साली हुआन दे ग्रिहाल्वा या स्पॅनिश सरदाराची जहाजे कोझुमेलला आली आणि १५१९ साली पुढे मेक्सिको जिंकणारा कोर्तेस आला, तेव्हा हे बेट नांदते होते. पुढे स्पॅनिश माणसांबरोबर देवी या रोगाची साथ आली आणि पन्नास वर्षांत बेटावर काही शेच माणसे उरली. मुख्य भूमीवर १५६२ साली मानी या गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्या जाळल्या. प्राचीन पोथ्यांपैकी आज केवळ चार शिल्लक आहेत. एवढे सोसूनही ही भाषा टिकली. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत युकातेक माया बोलणाऱ्यांची संख्या साडेसात लाखांहून अधिक भरली. म्हणून तिथल्या माणसांशी बोलताना त्यांच्या पूर्वजांविषयी ‘नामशेष’ हा शब्द वापरू नकोस.

बेलीझला बोट धक्क्याला लागत नाही. पाणी उथळ असल्याने ती दूर नांगर टाकते आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जावे लागते, त्यात वेळ मोडतो. तिथे ‘आल्तुन हा’ हे प्राचीन माया ठिकाण तासाभरावर आहे. १९६८ साली तिथे सूर्यदेव किनिच आहाऊचे जेडमध्ये कोरलेले, जवळजवळ साडेचार किलो वजनाचे मस्तक सापडले. ते तुला तिथे दिसणार नाही, पण बेलीझच्या नोटांवर त्याचे चित्र आहे. सुट्टे घेताना नोट नीट पाहा. कोस्टा मायाला उतरलास तर चाक्चोबेनची माया देवळे बघ, तेही सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे: वेळ नेहमी बोटीच्या घड्याळाप्रमाणे मोज. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ चालते, तर फ्लोरिडाचे घड्याळ उन्हाळ्यात तासाने पुढे जाते. बोटीने फ्लोरिडाचीच वेळ ठेवली असेल, तर उन्हाळ्यात तुझा मोबाइल किनाऱ्यावर तीन दाखवेल तेव्हा बोटीवर चार झालेले असतील. बेलीझमध्ये हा फरक हिवाळ्यात एक तासाचा आणि उन्हाळ्यात दोन तासांचा पडतो. मोबाइल आपोआप वेळ बदलतो म्हणून मनगटावर साधे घड्याळ ठेव आणि ते गँगवेवर, म्हणजे बोटीत चढण्या-उतरण्याच्या वाटेवर, लिहिलेल्या वेळेशी जुळवून घे. बोट तुझ्यासाठी थांबणार नाही, आणि ते कॉन्ट्रॅक्ट मिळवण्यासाठी तुझ्या बाबांनी काय काय केले ते तुला ठाऊक आहे.

पाण्याची मोठी बाटली घे, डासांचे मलम लाव, दुपारी उशिरा जाऊ नकोस, आणि खापराचा तुकडा पायाखाली आला तरी तो तिथेच राहू दे. टॅक्सीवाला माया बोलणारा निघाला तर त्याला ‘बिश आ बेल?’ असे विचार. आपण ‘कसा आहेस?’ म्हणतो तसेच ते आहे, पण शब्दशः अर्थ ‘तुझी वाट कशी आहे?’ असा होतो. साकबेमधला ‘बे’ तो हाच. उत्तर ‘मालोब’ असे आले तर सगळे ठीक आहे असे समज.

ठशांपैकी किती अजून स्पष्ट दिसतात ते मोजून मला कळव. मी पाहिले त्याला आता बरीच वर्षे झाली.

तुझा,
काका