पॅप्रिका चिकनमध्ये क्रीम फाटतंय? आधी डब्याची मागची बाजू वाचा

विश्रामबागच्या ताई, तुम्ही लिहिलंय की पॅप्रिका चिकनमध्ये (पॅप्रिका म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, पदार्थ मूळ हंगेरीचा) शेवटी क्रीम घातलं की रस्सा फाटतो, वर तेल तरंगतं आणि चव गोडसर, मागाहून कडवट लागते. यातलं गोडसर आणि तेल मी पुरेपूर भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते. कांदा, चिकन वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देते.

क्रीम म्हणून आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तू विकतात. एक दुधाचं. दुसरं केकवर लावायचं, वनस्पती तेलाचं, बहुतेक वेळा साखर घातलेलं. सांगलीतल्या एका दुकानात मी ‘चिकनच्या रश्शात घालायचंय’ असं स्पष्ट सांगून क्रीम मागितलं होतं. त्यांनी फ्रीजरमधून दगडासारखा गोठलेला डबा काढून दिला, वर ‘हॉटेलवाले हेच नेतात’ हेही ऐकवलं. घरी जाऊबाई आणि मुलं जेवायला होती. पातेल्यात आधी पांढरा फेस आला, मग कडेने पिवळट तेल सुटलं, आणि चव अशी की मुलांनी ताट सरकवलं. एवढं चिकन वाया गेलं याचा राग आजही जात नाही. डब्याच्या मागे बारीक अक्षरात हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट आणि साखर. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर ‘फोडलेला माल परत होत नाही’. बिलावर नुसतं ‘क्रीम’. डब्यावरच्या नंबरवर फोन केला तर सीलबंद डब्याचा फोटो पाठवा म्हणे! फोडल्याशिवाय आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळणार कसं? काउंटरवर एक वाक्य खरं बोलले असते तर हे झालंच नसतं. तुमचाही डबा तसलाच असेल असं मी छातीठोक सांगत नाही, पण आधी तो तपासा.

मूळ हंगेरीच्या पदार्थात आंबवलेली घट्ट साय असते. ती आपल्याला घरी सहज जमते. टेट्रापॅकमधल्या साध्या फ्रेश क्रीमला (साधारण २५ टक्के फॅट) चमचाभर ताजं दही लावून रात्रभर विरजून ठेवा. उन्हाळ्यात लवकर लागतं, लागलं की फ्रीजमध्ये टाका. वाटीभर क्रीमला एक चमचा मैदा गुठळी न होता घोटा, त्यात गरम रस्सा पळीपळीने मिसळा आणि मगच पातेल्यात ओता. नंतर खळखळ उकळू द्यायचं नाही, मंद आचेवर जेमतेम पाच-सात मिनिटं. नुसतं दही घालू नका. फॅट कमी असल्यामुळे ते लगेच फाटतं. चक्का चालतो, पण मैद्याशिवाय नाही.

कडवटपणाचं कारण बहुधा वेगळं असावं. पॅप्रिकात साखर असते, तापल्या तेलात ती काही सेकंदांत करपते. कांदा झाला की पातेलं गॅसवरून खाली उतरवा, पॅप्रिका घाला, दोनदा हलवा आणि लगेच पाणी किंवा टोमॅटो. रंग लालचा तपकिरी झाला तर ते पुढे नेऊ नका, नव्याने करा. जुनी, उन्हात ठेवलेली पॅप्रिका तर सरळ टाकून द्यावी.

हंगेरीतल्या सेगेद किंवा कालोचा या शहरांची पॅप्रिका इथे मिळाली नाही तर ब्याडगी घ्या. देठ, बिया काढून दळलेली, चाळलेली. रंग छान येतो, पण गोड पॅप्रिकापेक्षा ती तिखट असते, म्हणून निम्मीच घाला. उरलेला लालपणा हवा असेल तर लाल ढोबळी मिरची भाजून, साल काढून वाटून घाला. स्मोक्ड पॅप्रिका या पदार्थात नको, धुराचा वास सायीवर चढतो. आणि कृपा करून कांदा-लसूण मसाला घालू नका. आमच्याकडे त्याशिवाय चिकन म्हणजे पाहुण्यांचा अपमान समजतात, मलाही तो प्रिय आहे, पण या रश्शात तो पडला की पॅप्रिका आणि साय दोन्ही दबतात. हे माझं मत, कोणाला पटत नसेल तर नको.

सोबत तिथे मैदा-अंड्याच्या छोट्या गोळ्या उकडून घेतात. भातही छान लागतो. चिकन हाडासकट मांडीचंच घ्या. गावरान असेल तर आधी वेगळं शिजवून घ्या, नाहीतर मांस मऊ होईपर्यंत रस्सा आटून जाईल.