लहान वयात कॅथेटरने हृदयाची झडप बदलताना जांघेची शीर बरी की मानेची?

तुमच्या मुलाची पल्मनरी झडप, म्हणजे हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची, कॅथेटरने, म्हणजे शिरेतून नळी घालून, बदलायची आहे, डॉक्टर मानेच्या शिरेतून जाऊ म्हणतायत, आणि जांघेतून जास्त सुरक्षित नाही का, असं तुम्ही विचारताय. आमच्या घरात हाच प्रश्न इतका घासला गेलाय की क्षणभर वाटलं, आमच्या मेहुण्यांनीच नाव बदलून विचारला की काय.

थेट सांगतो. जी शीर उघडी आहे, जाड आहे आणि जिथून नळीला उजव्या कप्प्यात नीट वळता येतं, ती शीर बरी. बहुतेकांची जांघेतूनच होते, कारण डॉक्टरांचा हात तिथे बसलेला असतो. पण "बहुतेकांची" म्हणजे तुमच्या मुलाची नव्हे.

आमची मुलगी टेट्रालॉजीची, हा हृदयाचा जन्मजात दोष. तान्ही असताना ऑपरेशन, पुढे कॉन्ड्युट, म्हणजे हृदयापासून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत बसवलेली नळी. आयसीयूतल्या लायनी आणि आधीच्या कॅथेटरच्या तपासण्या, सगळं जांघेतून झालेलं. कॉन्ड्युट अरुंद होऊन गळायला लागला तेव्हा झडपेची गोष्ट निघाली, आणि त्याआधी शिरांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झाला. उजवीकडची फेमोरल, म्हणजे जांघेतली मोठी शीर, बंद, डावीकडची बारीक. पाय बघून कुणाला कळलं नसतं. सूज नाही, दुखणं नाही, पोरगी दिवसभर धावायची. मोठी शीर बंद पडली की रक्त आजूबाजूच्या छोट्या शिरांतून वाट काढतं. तिच्या ओटीपोटाशी निळसर शिरा दिसायच्या, आजी त्याला गोरेपणा म्हणायची.

डॉक्टर म्हणाले, मानेच्या उजव्या बाजूच्या मोठ्या शिरेतून, इंटर्नल जुगुलरमधून जाऊ. तिथून सुपीरियर व्हेना केव्हा, म्हणजे वरून हृदयात येणारी महाशीर, उजवा कर्णिका कप्पा, मग खालच्या कप्प्यातून वर फुप्फुसाच्या धमनीकडे. लहान मुलांत मानेची ही शीर जांघेतल्या शिरेपेक्षा बरेचदा रुंद असते. आणि नळी काही सुईएवढी नसते. मेलडी नावाच्या झडपेची २२ फ्रेंचची, हार्मनी नावाच्या झडपेची २५. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, करा हिशेब. बारीक शिरेत ती कोंबली तर शीर फाटते किंवा नंतर गुठळी होऊन कायमची बंद होते.

इथे मेहुणे आले. सासऱ्यांची झडप जांघेतून बसवली होती, तिसऱ्या दिवशी ते घरी चालत होते, म्हणून मेहुणे या विषयातले तज्ज्ञ. "मानेतून म्हणजे प्रयोग आहे, दुसरीकडे दाखवा." वर मावशींचं सुरू, मुलीच्या मानेवर डाग राहील. अहो, तिच्या छातीच्या मधोमध टाक्यांची लांब रेघ आहे, मानेवरच्या चिमुकल्या खुणेचं काय घेऊन बसलात!

सासऱ्यांचं होतं ते टॅव्ही. ती महाधमनीची झडप, आणि तिथे नळी जाते जांघेच्या धमनीतून. आपल्या पोरांच्या पल्मनरी झडपेला शिरेतून जायचं असतं. रस्ता वेगळा, धोके वेगळे. शिवाय कॅथेटरने झडप बसवण्याचा मान म्हाताऱ्यांचा नाहीच. २००० साली फिलिप बोनहोफर यांनी पॅरिसमध्ये ती बसवली १२ वर्षांच्या मुलाला, आणि मोठ्यांची टॅव्ही आली त्यानंतर, २००२ मध्ये, ॲलन क्रिबिए यांच्या हातून. हे मी मेहुण्यांना ऐकवलं होतं. ते म्हणाले, इंटरनेटवर काहीही असतं.

मुलीची मानेतूनच झाली. भूल देऊन, सोनोग्राफीत शीर बघत सुई घातली. नंतर तिथे दाबून धरलं. जांघेतून केल्यावर असते तशी पाय सरळ ठेवून तासन्‌तास पडून राहण्याची शिक्षा नव्हती, त्यामुळे ती लवकर उठून बसली.

खरं तर शिरेपेक्षा मोठा प्रश्न दुसराच आहे, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. झडप फुगवल्यावर शेजारची कोरोनरी धमनी, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच रक्त देणारी, दाबली जात नाही ना? आधी फुगा फुगवून आणि त्याच वेळी कोरोनरीत डाय सोडून हे बघतात. दाबली जात असेल तर झडप तिथे बसवतच नाहीत, मग शीर कुठलीही असो. हे करणार का, ते विचारा.

आणि मानेची एवढी वकिली केली म्हणून सगळ्यांनी मान पुढे करू नये. ग्लेन नावाचं ऑपरेशन झालेलं असेल तर मानेकडून येणारं रक्त थेट फुप्फुसाकडे वळवलेलं असतं, तिथून हृदयात नेहमीच्या वाटेने जाताच येत नाही. मानेत रक्त साकळलं तर श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो, म्हणून सरावाचा हात लागतो. तुमच्या मुलाच्या जांघेतल्या शिरा डॉपलरवर चांगल्या दिसत असतील आणि तरी मान म्हणत असतील, तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हृदयाची ठेवण बघून नळी वरून सोपी वळते, हेही कारण असू शकतं.

अजून एक. ही झडप आयुष्यभराची नसते, पुढे कधीतरी तिच्या आत दुसरी बसवावी लागते. तेव्हा आज चांगली असलेली शीर जपा. रक्त काढायला, सलाईन लावायला कुणी जांघ किंवा मान मागितली तर आधी हात बघा म्हणा. दातही डॉक्टरांना दाखवून घ्या, तिथले जंतू रक्तातून जाऊन झडपेला जंतुसंसर्ग होण्याची भीती पुढेही राहतेच.

आणि ज्या नातेवाइकाला शीर आणि धमनी यातला फरक सांगता येत नाही, त्याला दवाखान्यात डबा घेऊन येऊ द्या, डॉक्टरांच्या खोलीत नको.