टँकरच्या बातमीनंतर

प्रिय पोरी,

तुझा निरोप काल रात्री साडेअकराला वाचला. लगेच फोन केला नाही, कारण आधी तुझी बातमी पुन्हा वाचायची होती. सकाळी चहाच्या आधी वाचली, नंतर पेन घेऊन वाचली. लॉगबुकात टँकरच्या रोज तीन खेपा, आणि वस्तीवरच्या बायका सांगतात की आठवड्यातून दोनदा टँकर आला तर नशीब. बातमी चांगली आहे. पहिल्या परिच्छेदात हंडे घेऊन बसलेली म्हातारी न आणता तू थेट खेपांचा आकडा आणलास, हे मला विशेष आवडलं.

मग पत्रकार परिषद. ज्या नेत्याला तू प्रश्न विचारलास ते साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तुम्हाला कुणी पाठवलंय ते मला माहीत आहे, तुमच्या मालकांशी बोलतो मी." आजूबाजूचे बातमीदार हसले. तू लिहिलंयस की बोलण्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं. चार दिवसांनी वकिलाची नोटीस आली, आणि जाहिरात विभागातून कुजबुज, की साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी यंदा आपल्याकडे नाही. हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी तू विचारलंस, "इतके चिडले म्हणजे माझी बातमी खरी आहे, हेच सिद्ध झालं ना?"

नाही. हे पत्र त्या एका प्रश्नासाठी लिहितोय.

सत्तेतला माणूस खऱ्या बातमीवर चिडतो, खोट्या बातमीवरही चिडतो, आणि कधी कधी बातमी न वाचताच चिडतो. मला हे चुकून कळलं. मी तुझ्याएवढाच होतो. एका सहकारी संस्थेच्या संचालक मंडळाचा ठराव माझ्या हाती आला, म्हणजे त्याची झेरॉक्स आली. संचालकांनी नातेवाइकांना कर्ज दिल्याचा तो ठराव होता. बातमी छापली. दुसऱ्या दिवशी संस्थेचा प्रमुख कार्यालयात येऊन टेबलावर हात आपटून गेला. मला वाटलं, झालं, वर्मी लागलं. त्या आनंदात मी मूळ इतिवृत्त बघायला गेलोच नाही. महिन्याभराने कळलं की त्या ठरावावरची तारीख खाडाखोड केलेली होती, आणि ज्या कर्जाबद्दल मी लिहिलं ते फेडूनही झालं होतं. पान एकवर आम्हाला माफी छापावी लागली. पुढे त्याच संस्थेत खरोखर गडबड निघाली, पण तेव्हा माझ्या बातमीला कुणी विचारत नव्हतं. त्या माणसाच्या रागाने मला आंधळं केलं, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून 1882 चं कोल्हापूर प्रकरण तू नीट समजून घ्यावंस असं मला वाटतं. टिळक-आगरकर तुरुंगात गेले एवढं शाळेत सांगतात; का गेले हे कुणी थांबून सांगत नाही. 'केसरी' जेमतेम दीड वर्षाचा होता. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी वेडे ठरवले गेले होते आणि त्यांचे हाल होताहेत अशी बोलवा पुण्यापर्यंत आली होती. संस्थानचे दिवाण होते माधवराव बर्वे. बर्व्यांच्या नावाची काही पत्रं या तरुण संपादकांच्या हाती आली, आणि छत्रपतींविरुद्धचा कट त्यात उघड दिसत होता. 'केसरी' आणि 'मराठा'ने बर्व्यांवर कडक लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि खटल्यात ती पत्रं बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली. तरी 17 जुलैला चार महिन्यांची साधी कैद झाली. 26 ऑक्टोबरला सुटले, म्हणजे 101 दिवस. टिळकांना 26 वर्षं पुरी झाली ती मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात.

आता पुढचं ऐक. त्यांचा संशय हवेतला नव्हता. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1883 मध्ये, ते तरुण छत्रपती अहमदनगरला कैदेसारख्या अवस्थेत वारले, पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर. तक्रार खरी होती, पण पुरावा म्हणून धरलेला कागद खोटा होता, आणि दिवाणाला नेमका तोच कागद पुरला. छत्रपतींचं काय चाललंय हा प्रश्न न्यायालयात मागे पडला, आणि पत्रं कुणी लिहिली एवढाच प्रश्न उरला. तुझ्या बाबतीत साहेबांचे वकील हेच करतील. टँकर आला की नाही यावर ते बोलणारच नाहीत. तुझ्या बातमीत एखादी तारीख चुकली आहे का, एखाद्या बाईचं म्हणणं तिने नाकारलंय का, हे शोधतील.

तेव्हा आधी हे सांग: लॉगबुकाचे फोटो तू स्वतः काढलेस की कुणी पाठवले? कुणी पाठवले असतील तर पंचायत समितीत जाऊन मूळ नोंदवही बघ, आणि माहितीच्या अधिकारात साक्षांकित प्रत माग. टँकरला जीपीएस असतं. त्या दिवसांच्या फेऱ्यांची नोंद माग. खेपेच्या नोंदीखाली गावातल्या कुणाच्या सह्या आहेत बघ, आणि त्या माणसांना जाऊन भेट. ही सही तुमचीच का, एवढंच विचार. ज्या बायकांशी बोललीस त्यांच्याकडे पुन्हा जा आणि त्यांना छापलेली बातमी वाचून दाखव. हे कष्टाचं काम आहे, त्यात थरार काही नाही, पण साहेबांनी मालकांना फोन केला तर मालकांच्या टेबलावर ठेवायला तुझ्याकडे हेच असेल. साहेबांचं म्हणणं छापण्याआधी घेतलं होतंस का? फोन उचलला नाही असं बातमीत लिहिलंयस. किती वाजता केला होतास, कितीदा केलास, हे वहीत आहे ना? नसेल तर आजच कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

नोटिशीबद्दल. घाबरू नकोस, आणि उत्तर स्वतः लिहू नकोस. ते काम वकिलाचं. पण तुला पायाभूत गोष्ट ठाऊक असावी. बदनामी हा आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हा आहे. आधी दंड संहितेचं कलम 499 आणि 500 होतं, 2024 च्या जुलैपासून न्याय संहितेचं 356. दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनेत बसते असं सांगितलं. मला तो निकाल पटलेला नाही. ज्याच्या हाताशी वकिलांची फौज आहे त्याला ही तरतूद फार सोयीची आहे; खटला जिंकायची गरजच नसते, दर तारखेला तुला कोर्टात उभं केलं की त्याचं काम होतं. बचावासाठी छापलेलं खरं असणं एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी छापलं होतं हेही दाखवावं लागतं. पाण्याच्या टँकरबाबत ते अवघड नाही.

भरपाईच्या दाव्याचं मात्र वेगळं आहे. 1994 मध्ये 'नक्कीरन' या तमिळ साप्ताहिकाच्या संपादकाच्या खटल्यात, म्हणजे राजगोपाल प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार किंवा स्थानिक संस्था आपल्या बदनामीची भरपाई मागू शकत नाही. लोकसेवकाच्या कामाबद्दल लिहिलं असेल, तर छापलेलं खोटं होतं आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापलं, हे त्याला सिद्ध करावं लागतं. पत्रकाराने वाजवी पडताळणी केली होती एवढं दाखवलं तरी पुरतं. वाजवी पडताळणी हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. डोंगरीला गेलेल्या त्या दोघांकडे तेवढीच नव्हती.

आता वाढदिवसाच्या पुरवणीबद्दल, कारण खरा घाव तिथे आहे आणि त्यावर आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किती मिळतं ते तुला सांगायला नको. जाहिरात आणली तर त्यावर कमिशन. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच बंगल्यावर वाढदिवसाच्या जाहिरातीसाठी जायचं. नेत्याने डोळे वटारायचीही गरज उरत नाही, फक्त यंदा पुरवणी दुसरीकडे द्यायची. ही रीत जुनी आहे. 1960 मध्ये केंद्र सरकारने किमतीप्रमाणे दैनिकाची पानं ठरवणारा आदेश काढला. वाचकाला जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवायची, नाहीतर पानं कापायची. वर वर तो छोट्या पत्रांच्या भल्याचा हिशेब होता. पुण्याचा 'सकाळ' त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1961 मध्ये जिंकला. पानं आणि खप यांना हात लावणं म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याला हात लावणं, असं न्यायालयाने मान्य केलं. पण बंद झालेल्या वाढदिवसाच्या जाहिरातीविरुद्ध कुठल्या कोर्टात जाशील? पैसे त्यांचे आहेत. म्हणून माझं ऐक, जाहिरात गोळा करण्याचं काम अंगावर घेऊ नकोस. पगार कमी पडला तर शिकवण्या घे, अनुवाद कर, मला सांग. ज्या दिवशी तू त्या बंगल्यावर रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याचा लेखी आदेश, आणायला जाशील, त्या दिवसापासून तुझी प्रत्येक बातमी त्यांना सौद्याची वाटेल, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नसेल.

आणीबाणीत गोष्टी उघड होत्या, सेन्सॉर होता, मजकूर आधी दाखवावा लागे. त्या काळात मुंबईत मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी 1976 मध्ये, म्हणजे हजारो माणसं आत असताना, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या पत्रांनी एकाच वाऱ्यावर शिडं वळवावीत आणि एका सुरात बोलावं हे बघणं सेन्सॉरचं काम नाही, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी लिहिलं. मासिक छोटं होतं, वाचक थोडे होते. तरी त्या मासिकाने नियम वाचला, नियमाच्या आत राहून मजकूर लिहिला, आणि अडवला तेव्हा तोच नियम न्यायालयापुढे ठेवला. मला त्यांची शिस्त आठवते. आरडाओरडा करायला त्यांना कारण कमी होतं का?

तुझ्या मनातली एक गोष्ट मला कळते. तुला वाटतंय आता साहेबांना सोडायचं नाही. प्रत्येक प्रेसनोटमध्ये खोट शोधायची. सोशल मीडियावर तू टाकलेली ती ओळ, "साहेबांना घाम फुटला", ती आज काढ. साहेबांचा घाम हा तुझा विषय नाही, वस्तीवरचं पाणी हा आहे. उद्या त्यांनी खरोखर एखादी चांगली योजना आणली तर तीही तुलाच लिहायची आहे, आणि तशीच सरळ लिहायची आहे. वैरी म्हणून तुला उभं करणं त्यांच्या फायद्याचं आहे, कारण मग तुझी प्रत्येक बातमी वैऱ्याची बातमी ठरते.

त्या हसणाऱ्यांविषयी. राग धरू नकोस, त्यातल्या दोघांच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण त्यांच्यासारखी होऊ नकोस. कोल्हापूर प्रकरणातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. टिळक-आगरकरांना जामीन हवा होता तेव्हा जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे सहकारी रामशेट उरवणे दहा हजार रुपयांना जामीन राहिले. 1882 चे दहा हजार. आणि फुल्यांचे न् या मंडळींचे विचार किती जुळत होते? फारच थोडे, आणि पुढे तर दरी वाढतच गेली. तरी दिवाणाने दोन संपादकांना कोर्टात ओढल्यावर जामिनाला माणूस उभा राहिला. पुढच्या वेळी साहेब दुसऱ्या कुणाला, अगदी परवा हसलेल्या मुलाला, असं बोलले, तर तू उठून म्हण, "साहेब, त्यांचा प्रश्न राहिला." एवढंच. तू म्हटलंस तर कदाचित आणखी कुणी म्हणेल.

एक गोष्ट मी हट्टाने सांगतो. 2023 च्या फेब्रुवारीत राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना दुचाकीवर जाताना जीपने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी त्यांची बातमी होती त्यालाच पोलिसांनी अटक केली, खुनाचं कलम लागलं. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्धचा कायदा आपल्या विधिमंडळाने 2017 मध्येच केला होता. कायदा हल्ल्यानंतर कामाला येतो. म्हणून वस्तीवर एकटी जाऊ नकोस, कुठे जातेस ते डेस्कला कळवून जा, रात्रीचा परतीचा रस्ता बदल, आणि धमकीचा फोन आला तर त्याच दिवशी लेखी तक्रार दे. आईला घाबरवायचं नाही म्हणून लपवू नकोस. आईला सगळं सांग.

मंगळवारी परत पत्रकार परिषद आहे असं म्हणालीस. जा. पहिल्या रांगेत बस, मागे नको. साहेब तुझ्याकडे बघणार नाहीत, हात वर ठेव. संधी मिळाली तर परवाच्या अपमानाचा विषय काढू नकोस, नोटिशीचाही नको. लॉगबुकातला आकडा आणि जीपीएसचा आकडा, दोन्ही वाचून दाखव, आणि विचार की वस्तीवर पुढची खेप कोणत्या दिवशी, किती वाजता येणार आहे. उत्तर काहीही आलं तरी तारीख लिहून घे, आणि त्या दिवशी तिथे जाऊन उभी राहा.

रविवारी घरी ये. नोंदवहीच्या प्रती घेऊन ये, आपण दोघं मिळून ओळ न् ओळ ताडून बघू.

तुझा,
सर