जुना स्टिरिओ रिसीव्हर एकाच बाजूने वाजतो, सगळे कंडेन्सर बदलून घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा जुना जपानी रिसीव्हर चालू केला की थोड्या वेळाने आत 'टक्' होतं, डावा स्पीकर वाजतो, उजवा गप्प, आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर. मेकॅनिक म्हणतो आउटपुट ट्रान्झिस्टर गेले, कंडेन्सरही सगळे बदलू. नका देऊ त्याच्याकडे.

ते 'टक्' म्हणजे प्रोटेक्शन रिले, आत सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडून देणारा स्विच. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की स्पीकरच्या लाईनवर डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट) येतो, आणि मग रिले लागतच नाही. रिले लागतोय, तरी ट्रान्झिस्टर जळाले म्हणणाऱ्याने झाकण उघडलेलं नाही.

हे इतकं ठासून सांगतोय कारण हेच आमच्या घरी झालं. दारव्ह्याच्या बाजारात बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, माझं बालपण कथलाच्या वासात गेलं. मामांनी कुवेतहून आणलेला रिसीव्हर आमच्याकडे आहे. त्याची उजवी बाजू गेली तेव्हा मी पेरणीत अडकलो होतो, म्हणून भाऊजी तो नागपूरला त्यांच्या ओळखीच्या दुकानात घेऊन गेले. तिथे हेच ऐकवलं: चारही ट्रान्झिस्टर, सगळे कंडेन्सर, वर मजुरी. भाऊजी फोनवर म्हणाले, "हो म्हणून टाका. तो नागपूरचा मानूस आहे, त्याले तुमच्यापेक्षा जास्त समजते." मी म्हटलं, "भाऊजी, सेट जसा आहे तसा वापस आणा."

आणला. आधी नागपूर आकाशवाणी लावली, मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झ. मीडियम वेव्ह म्हणजे एएम, आणि ते मोनो असतं, दोन्ही बाजूंना तोच आवाज जायला हवा, त्यामुळे तपासायला याहून सोपा सिग्नल नाही. स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. तरी उजवंच टर्मिनल गप्प, म्हणजे स्पीकर ठीक. आमच्या सेटला मागे प्री-आउट (व्हॉल्यूमकडच्या पहिल्या भागातून, म्हणजे प्रीॲम्पमधून, आवाज बाहेर येतो ती जागा) आणि मेन-इन (स्पीकरला ताकद देणाऱ्या भागात तो शिरतो ती) जोडणाऱ्या यू आकाराच्या पत्र्याच्या पिना आहेत. सेट बंद करून त्या काढल्या, साध्या पिनच्या वायरीने डाव्याचा प्री-आउट उजव्याच्या मेन-इनमध्ये दिला. तरी उजवं गप्पच. म्हणजे बिघाड प्रीॲम्पच्या पुढे. (तुमच्या सेटला अशा पिना असतील तर आधी त्याच काढून घासून बसवा. कित्येक सेट एवढ्यानेच वाजतात.)

मग झाकण काढलं. रिलेच्या अलीकडे डीसी मोजला, २० मिलिव्होल्टच्या आसपास. ५०च्या आत असला की मी पुढे बघत नाही. आवाजही रिलेपर्यंत येत होता, पलीकडे नाही. रिलेचं प्लास्टिकचं टोपण उचकटलं, तर उजव्या कॉन्टॅक्टवर तिळाएवढा काळा डाग. जाड कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून मधून ओढली, पट्टी काळी झाली आणि उजवा स्पीकर बोलायला लागला. पुढे २४ व्होल्टचा नवा रिले टाकला. पॉलिश पेपर मात्र मारायचा नाही, वरचा मुलामा जातो.

भाऊजींना बोलावून दाखवलं. म्हणाले, "तात्पुरतं असंल." सेट अजून वाजतो आहे, पण तेही अजून तेच म्हणतात.

तुमच्या खरखरीचं: सेट बंद करून व्हॉल्यूमच्या भोकात कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि बटन या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवा. पेट्रोल नको, कुलपात मारतात तो स्प्रेही नको. टेप मॉनिटरचं बटन, बॅलन्स, स्पीकर ए-बीचा स्विच, सगळ्यांना तोच उपचार. आवाज मोठा केल्यावर उजवी बाजू मधूनच येत असेल तर यांपैकीच कुणीतरी किंवा रिले आहे.

कंडेन्सर सरसकट बदलू नका. चांगला चालणारा बोर्ड उपसला की त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या उखडतात, आणि बाजारातले ट्रान्झिस्टर निम्मे नकली. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घूं असा आवाज येत असेल तर फिल्टरचे दोन मोठे बदला, फुगलेले-गळलेले बदला, बस. भाऊजींचा होम थिएटरचा डबा '५००० वॉट पीएमपीओ' सांगतो, तो क्षणभराचा फुगवलेला आकडा. अमेरिकेत १९७४ साली सतत मिळणारी ताकदच जाहीर करण्याचा नियम आला, म्हणून त्या काळच्या सेटवरचे ४० वॉट खरे असतात. असा सेट कुणाच्याही हातात द्यायचा नसतो.

आता सांगायचं राहिलेलं. काही जुन्या सेटमध्ये रिले नसतोच, तिथे माझं 'टक्'चं गणित लागू नाही. ट्रान्झिस्टर शॉर्ट न होता ओपन झाला तरी रिले लागू शकतो, पण मग आवाज बहुधा फाटका येतो. सेट खूप दिवस बंद असेल तर पहिल्यांदा सिरीज बोर्डवर लावा, म्हणजे लाईन बल्बमधून सेटला जाते; १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटूनच राहिला तर लगेच काढा. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट उरतो, बोट घालू नका. मागे व्होल्टेजचा स्विच असेल तर २२० वर नाही, २४० वर ठेवा. रात्री शेतातले पंप बंद झाले की आपल्याकडे लाईन किती चढते ते तुम्हाला ठाऊक आहेच. आणि ट्रान्सफॉर्मरच जळाला असेल, तर तेवढ्यासाठी खुशाल नागपूरला जा, फक्त मोटार रिवाइंडिंगवाल्याला देऊ नका.