स्प्रिंटरला घाट झेपतो का?

टूर द फ्रान्ससारख्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत सपाट रस्त्यावरचे टप्पे जिंकणारे स्प्रिंटर डोंगरातल्या टप्प्यांत अर्धा-अर्धा तास मागे पडतात, मग त्यांना ते टप्पे खरोखर झेपतात का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की घाट जिंकणे त्यांना झेपत नाही, पण घाट ठरलेल्या वेळेत ओलांडणे त्यांच्यातल्या चांगल्यांना झेपते. आणि हे ओलांडणे मला त्यांच्या शेवटच्या दोनशे मीटरच्या झेपेइतकेच मोलाचे वाटते.

ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशने ३ जुलै २०२४ रोजी सां-व्हुल्बा येथे टूरमधला आपला ३५वा टप्पा जिंकला आणि एडी मेर्क्सच्या ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र आदल्याच दिवशीचा टप्पा इटलीतल्या पिनेरोलोहून निघून गालिबिए घाटाच्या २,६०० मीटरहून उंच माथ्यावरून व्हालुआरला उतरला होता, आणि त्याआधी, पहिल्याच दिवशी, फ्लोरेन्स ते रिमिनी या रस्त्यावर उन्हाने हैराण होऊन, उलट्या होत असताना, त्याने सहकाऱ्यांच्या सोबतीने कसाबसा वेळेत शेवट गाठला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. तो ३९ वर्षांचा होता. त्या दोन दिवसांपैकी एखाद्या दिवशी तो वेळेबाहेर जाऊन बाद झाला असता, तर त्या वर्षी तो विक्रम झालाच नसता.

अडचण मुळात वजनाची आहे. सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते आणि तिथे दहा-वीस किलो जास्त वजनाने फारसे बिघडत नाही. उलट त्या वजनात असलेले स्नायूच शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत हजार वॅटच्या पुढचा जोर देतात. चढावर हिशेब पालटतो. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जायचे, तर ८० किलो वजनाच्या सायकलपटूला, सायकल आणि सामानाचे आठ किलो धरून, नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २९० वॅट लागतात, तर ६० किलोच्या सायकलपटूला सुमारे २२० पुरतात. हा ७० वॅटचा फरक तासभर, तोही दिवसातून तीन-चार घाटांवर, भरून काढणे कोणत्याही सरावाने शक्य होत नाही. मी व्यावसायिक नाही, पण अंगाने जड आहे. पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत ज्या मित्रांच्या पुढे राहतो, त्यांच्याच मागे दहा मिनिटांनी गडावर पोचतो, त्यामुळे हे आकडे मला पायांतून कळलेले आहेत. आपल्याकडच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटासाठी ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब असतो, तोही हाच भेद ओळखून.

म्हणून डोंगरात स्प्रिंटरची स्पर्धा घाटवीरांशी नसते, घड्याळाशी असते. प्रत्येक टप्प्याला वेळमर्यादा असते: विजेत्याला लागलेला वेळ, अधिक त्याचे काही टक्के. हे टक्के टप्पा किती अवघड आहे आणि विजेत्याचा सरासरी वेग किती होता यांवरून ठरतात. समजा, विजेत्याला पाच तास लागले आणि मर्यादा १२ टक्के असली, तर मागच्यांना ३६ मिनिटे मिळतात. त्यानंतर येणारा शर्यतीतून बाद होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला सुरुवातीच्या रेषेवर उभे राहता येत नाही.

ही ३६ मिनिटे पुरवून वापरण्यासाठी मागे पडलेले सगळे संघभेद विसरून एकत्र येतात. या जथ्याला इटालियन भाषेत ‘ग्रुपेटो’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘ओतोब्यूस’, म्हणजे बस. त्यातला एखादा अनुभवी सायकलपटू बसचा चालक असावा तसा वेग ठरवतो. कॅव्हेंडिशचा अनेक वर्षांचा ऑस्ट्रियन सहकारी बर्नहार्ड आयझेल या कामासाठी नावाजलेला होता. चढावर कोणाचाही दम तुटणार नाही असा संथ पण एकसारखा वेग ठेवायचा, उतारावर जड शरीराचा फायदा घेऊन धोका पत्करायचा, दरीतल्या सपाट रस्त्यावर सर्वांनी आळीपाळीने पुढे येऊन वारा झेलायचा आणि प्रत्येक माथ्यावर किती मिनिटे उरली ते मोजायचे, अशी ही रीत आहे. जथा मोठा असण्याचा आणखी एक फायदा असतो. २०११ मध्ये गालिबिएच्या माथ्यावर संपलेल्या टप्प्यात ऐंशीहून अधिक जण मर्यादेबाहेर आले. इतक्यांना काढले असते तर शर्यतच ओस पडली असती, म्हणून पंचांनी त्यांना ठेवून घेतले. कॅव्हेंडिशचे मात्र हिरव्या जर्सीच्या (ही गुणांच्या स्पर्धेत पहिला येणाऱ्याला मिळते) हिशेबातले २० गुण कापले गेले, आणि तरीही त्या वर्षी ती जर्सी त्यानेच जिंकली.

मोठ्या जथ्याला मिळणारी ही सवलत एकट्या-दुकट्याच्या वाट्याला क्वचितच येते. सर्वांत घातक टप्पा लांबलचक असतो असे मात्र समजू नये. माझ्या मते आखूड टप्पा अधिक वाईट, कारण विजेत्याचा वेळच कमी असल्याने त्याच्या टक्क्यांतून मिनिटे थोडी निघतात, पुढे चढाईचा वेग पहिल्या घाटापासून तीव्र राहतो आणि मागे पडलेल्याला सावरायला सपाट रस्ता मिळत नाही. २०१८ चा आल्बेरव्हिल ते ला रोझिएर हा अकरावा टप्पा जेमतेम १०८ किलोमीटरांचा होता. त्यात कॅव्हेंडिश आणि मार्सेल किटेल दोघेही बाद झाले. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या टप्प्यात आंद्रे ग्रायपेल आणि त्या टूरमध्ये तोवर प्रत्येकी दोन टप्पे जिंकलेले फर्नांडो गाव्हिरिया व डिलन ग्रुनेवेगन यांनी शर्यत सोडली. दोन दिवसांत पाच मोठे स्प्रिंटर गेले. जे उरले, त्यांच्या हाती पुढचे सपाट टप्पे लागले: पो येथे आर्नो देमार जिंकला, पॅरिसमध्ये आलेक्झांडर क्रिस्टॉफ. हाच देमार २०१७ मध्ये नवव्या टप्प्यात, त्याच्यासाठी मागे थांबलेल्या सहकाऱ्यांसह, वेळेबाहेर गेला होता, आणि २०२१ मध्ये तीन्यला संपलेल्या नवव्या टप्प्यात पुन्हा गेला. एकाच माणसाच्या बाबतीत उत्तर वर्षागणिक बदलते, ते असे.

‘स्प्रिंटर’ या एका शब्दात निरनिराळी शरीरे आणि स्वभाव बसवले जातात, हेही लक्षात घ्यावे. मारिओ चिपोलिनीने टूरमध्ये १२ टप्पे जिंकले, पण एकही टूर पूर्ण केली नाही. डोंगर लागले की तो घरी जात असे. उलट सात वेळा हिरवी जर्सी जिंकणारा पीटर सागान मध्यम घाट पुढच्या जथ्यासोबत पार करीत असे. वाउट व्हान आर्टने तर २०२१ च्या एकाच टूरमध्ये मों व्हाँतू दोनदा चढायला लावणारा टप्पाही जिंकला आणि पॅरिसमधल्या शाँझेलिझे रस्त्यावरचा अंतिम टप्पाही. अशी माणसे विरळा, आणि त्यांच्यावरून इतरांना मोजणे अन्यायाचे होईल.

वेळमर्यादा सैल करावी असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मर्यादा नसेल तर स्प्रिंटर डोंगरात निवांत फिरून दुसऱ्या दिवशी ताजे उतरतील, आणि जे घाटवीर आदल्या दिवशी जीव तोडून झुंजले त्यांच्यावर तो अन्याय होईल. तेव्हा पुढच्या वेळी विजेता पोचल्यावर प्रक्षेपण लगेच बंद करू नका. २०२२ मध्ये पिरेनीज डोंगरांतल्या पेरागूदला, विमानांच्या धावपट्टीवरच्या त्या उभ्या चढावर, स्प्रिंटर फाबियो याकोब्सेन पार दमलेला वर येत होता. त्याचे सहकारी रेषेपलीकडे उभे राहून त्याला ओरडून बोलावत होते, आणि मर्यादा संपायला काही सेकंद उरले असताना त्याने रेषा ओलांडली.