ट्रंकेतल्या दोन डब्या

प्रश्न : दादरच्या जुन्या घरात काकांची लोखंडी ट्रंक उघडली, त्यात दोन बंद डब्या निघाल्या. एक काडेपेटीएवढी, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू आणि एका बाजूला चपट्या वायरचा वीतभर तुकडा. दुसरी ॲल्युमिनियमची, जवळजवळ फूटभर लांब, हाताला जड. तिच्या दोन्ही टोकांना आट्यांचं गोल सॉकेट. नाव-गाव कशावरच नाही. सोबत टीव्हीचं १९७८ चं बिल आहे. ओळखीच्या मेकॅनिकने दोन्हींना 'बूस्टर' म्हटलं. खरंच बूस्टर आहेत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाहीत. बूस्टरला वीज लागते, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोंत वीज आत जायची वाट कुठेच दिसत नाही. या दोन्ही चाळण्या आहेत, म्हणजे फिल्टर. पण एक टीव्हीच्या मागे लावायची आणि दुसरी टीव्हीपासून पार लांब, घरून रेडिओवर बोलणाऱ्या हौशी माणसाच्या ट्रान्समीटरवर.

घरात मल्टिमीटर असेल तर बझरवर लावा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. लहान डबीच्या डाव्या टोकाचा वरचा स्क्रू आणि उजव्या टोकाचा वरचा स्क्रू यांना प्रोब टेकवा. बझर गप्प राहिला आणि ओहमच्या रेंजवरही काही दिसलं नाही, तर वाटेत कपॅसिटर आहे आणि ही हायपास आहे : साधारण ४० मेगाहर्ट्झच्या खालचं अडवणारी, वरचं टीव्हीला देणारी. बझर गप्पच, पण ओहमच्या रेंजवर दहा-वीस किंवा शे-दोनशे ओहम दिसले, तर आत नुसते रेझिस्टर आहेत. तो सिग्नल कमी करायचा पॅड. दादर वरळीच्या दूरदर्शन टॉवरच्या इतकं जवळ, की तिथे सिग्नल जास्त झाल्याने चित्र बिघडायचं. तेव्हा तीही शक्यता धरून चाला. मोठ्या डबीत उलटी तपासणी करा. एका सॉकेटच्या मधल्या भोकापासून दुसऱ्याच्या मधल्या भोकापर्यंत बझर वाजला आणि मधलं भोक व डबीचं अंग यांत वाजला नाही, तर ती लोपास. ३० मेगाहर्ट्झपर्यंतचं जाऊ देते, त्यावरचं रोखते. ती चपट्या वायरसाठी नाहीच, गोल केबलसाठी आहे.

आता माझा अंदाज सांगतो, आणि तो बराचसा पक्का आहे. तुमचे काका हौशी रेडिओवाले, म्हणजे घरच्या ट्रान्समीटरवरून दूरदूरच्या लोकांशी बोलणारे हॅम असणार. ट्रंकेत व्हीयू२ ने (भारतातल्या हॅमच्या ओळखचिन्हाची ती सुरुवात) सुरू होणारी अक्षरं छापलेली पोस्टकार्डाएवढी कार्डं आहेत का, ते बघा. दोन स्टेशनांचं बोलणं झालं की ती एकमेकांना पाठवत.

मी १९७६ पासून गिरगावात टीव्ही दुरुस्त करायचो. १९८१ साली एका घरातून सारखं बोलावणं येई : संध्याकाळी चित्रावर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रेषा. मी मागे हायपास लावली. काही फरक नाही. ट्यूनर काढून साफ केला, तरी तेच. शेवटी समोरच्या इमारतीतले एक हॅम स्वतः वही घेऊन आले आणि त्यांनी मला गुणाकार दाखवला. ते २१ मेगाहर्ट्झवर बोलत. कुठल्याही ट्रान्समीटरमधून मूळ लहरीसोबत तिच्या दुप्पट, तिप्पट अशा बारीक लहरी निसटतात. २१ च्या तिप्पट ६३. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्याचं चित्र चौथ्या चॅनेलवर, ६१ ते ६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. चित्राची लहर ६२.२५ वर. म्हणजे ती ६३ ची लहर थेट चित्राच्या अंगावर येत होती. माझी हायपास तिला कशी अडवणार? तिच्या दृष्टीने ती टीव्हीचीच लहर. ती अडवायची ट्रान्समीटरच्या तोंडाशी, लोपासने. त्या गृहस्थांनी ती आठवड्याभरात बनवून बसवली आणि रेषा गेल्या.

मग हायपास कशाला? तर ते हॅम १४ मेगाहर्ट्झवर बोलत तेव्हा. १४ ची चौपट ५६, पाचपट ७०. टीव्हीच्या पट्ट्यात एकही बसत नाही. तरी चित्र फाटलं, तर दोष ट्रान्समीटरचा नव्हे. समोरच्या छतावरची लहर इतकी जोरदार, की टीव्हीचा ट्यूनर तिच्याखाली दबतो. तिथे ही काडेपेटीएवढी डबी शेजाऱ्याच्या टीव्हीच्या स्क्रूंपाशी लावायची, वायर शक्य तितकी आखूड ठेवून. मला वाटतं, तुमच्या काकांनी दोन्ही बाजूंचा बंदोबस्त ठेवला होता : मोठी स्वतःसाठी, लहान शेजारच्या घरासाठी. मोठी डबी भंगारात देऊ नका. आत कप्पे पाडलेले असतील. दोन कॉइलींचं एकमेकींशी बोलणं होऊ नये म्हणून मध्ये पत्रे घालतात, आणि ते काम निगुतीचं असतं. आजच्या हॅमच्याही ती कामाला येईल.

प्रश्न : आमच्या बंद पडलेल्या कृष्णधवल टीव्हीच्या आत पत्र्याचे लहान चौकोनी डबे आहेत. वरच्या भोकातून काळा आट्यांचा स्क्रू दिसतो. काही सैल वाटतात. घट्ट करू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : हात लावू नका. ते सैल नाहीत, जुळवलेले आहेत. ट्यूनर कुठल्याही चॅनेलची लहर बदलून एका ठरलेल्या लहरीवर आणतो, ती मधली लहर. आपल्या अशा जुन्या टीव्हींत चित्राची मधली लहर ३८.९ आणि आवाजाची ३३.४ मेगाहर्ट्झ. प्रत्येक डब्याचा कोर, म्हणजे तुम्हाला दिसतो तो काळा स्क्रू, वेगळ्या जागी थांबवून हा पट्टा घडवलेला असतो, आणि काही डबे फक्त शेजारच्या चॅनेलचा आवाज ४०.४ वर गिळण्यासाठी असतात. एक कोर फिरवला की चित्र नि आवाज एकमेकांत घुसतात, आणि सिग्नल जनरेटरशिवाय ते परत जुळत नाही. शिवाय कोर फेराइटचा असतो आणि फेराइट ठिसूळ असतं; लोखंडी पेचकसाने ते फुटून आतच अडकतं. टीव्ही बंद पडलाय म्हणता, तर आधी वीजपुरवठ्याचे मोठे कपॅसिटर कुणा जाणत्याकडून तपासून घ्या. मागचं झाकण स्वतः काढून पिक्चर ट्यूबच्या वायरीपाशी जाऊ नका. तिथे १० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो काही काळ राहतो. कोराचा डबा एकदा गेला की गेला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेल्या दोन वर्षांत मला तसा एकही सापडलेला नाही.